वहिनी जर्मनीला बाळंतपण करायला गेली

आमच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात फ्लेक्स लागायला फार काही करावं लागत नाही. कुणी सोसायटीवर निवडून आलं, कुणाच्या पोरानं पोलीस भरतीचं मैदान मारलं, की दुसऱ्या दिवशी चौकात बोर्ड. पण बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या बाईचा फ्लेक्स लागला तो एकदाच, आणि ती बाई माझी वहिनी. ‘सौ. दयाताई आमोस उजागरे यांना जर्मनी दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.’ मधोमध वहिनीचा फोटो, मागे विमान, आणि खाली शुभेच्छुक म्हणून तिच्या पोराच्या, एडविनच्या मित्रांची ओळीनं डोकी. त्यातल्या एकानंही तोवर विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. फ्लेक्सवर मात्र ते बरोबर त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं.

दयावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, आमोसदादाची बायको. दादा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता, आता रिटायर झालाय. मी मोनिका, त्याची धाकटी बहीण. झेडपीच्या शाळेत जन्म काढला आणि नवरा गेल्यावर माहेरच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या. त्यामुळे वहिनीचं इथलं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. तिकडचं जे पाहिलं नाही, ते तिनं मला सांगितलं. एका बैठकीत नाही, कधी मेथी निवडताना, कधी दळण आणायला जाताना, असं तुकड्यातुकड्यानं. मी ते जोडून सांगतेय. जोडताना माझा राग त्यात मिसळला असेल तर असू दे, मला तो लपवायचा नाही.

वहिनीचा धंदा बाळ न्हाऊ घालण्याचा. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ पालथं पायांवर घ्यायचं, तेल जिरवायचं, डाळीचं पीठ न् साय चोळायची, मग कढत पाणी. नंतर टाळू भरायची, ओव्याची न् बाळंतशेपांची धुरी द्यायची आणि दुपट्यात असं गच्च गुंडाळायचं की पोर दोन तास हू की चू करत नाही. मराठ्यांच्या वाड्यांवर, मारवाडी पेठेत, मुसलमान मोहल्ल्यात, सगळीकडे तिला बोलावणं. काही घरांत तिच्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवलेला असायचा, पण बाळ तिच्याच पायांवर हवं असायचं. वहिनीनं त्या कपाचं कधी मनावर घेतलं नाही. मी घेतलं, पण मला कुणी विचारत नव्हतं.

दहा-अकरा वर्षांपूर्वी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बालवाडीत वर्षभर काम करायला जर्मनीहून एक पोरगी आली. नाव हन्ना. नाव बायबलातलं, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडात लगेच बसलं. एकोणीस वर्षांची, ताडमाड उंच, केस बोटभर. पाळकसाहेबांपुढे प्रश्न पडला, हिला ठेवायची कुणाकडे? तेव्हा घरात संडास असलेली आमच्यात चारच घरं होती, त्यातलं एक दादाचं. अशी ती वहिनीच्या पदरात पडली. वहिनीची पोरगी एंजल तेव्हा नववीत होती. तिनं आपली कॉट हन्नाला दिली आणि वर्षभर खाली सतरंजीवर झोपली. ही गोष्ट सगळे विसरले. एंजल विसरली नाही.

हन्ना गोड होती, हे मला कबूल करायलाच हवं. भाकरी थापायला शिकली, नदीवर कपडे धुवायला गेली, ओट्यावर शेंगा फोडत बसून आमच्यासारखंच बोलायला लागली. ‘मी न्हाई जात’, ‘लई भूक लागली’, असं त्या गोऱ्या तोंडातून आलं की बायका हसून लोळायच्या. पावसाळ्यात तिला कावीळ झाली. वहिनीनं धंदा सोडला आणि तिच्या उशाशी बसून राहिली. उसाचा रस, मुगाचं पाणी, डोळे पुसणं, सगळं. त्या दुखण्यातच ती वहिनीला आई म्हणायला लागली. बरी झाल्यावर वहिनीबरोबर बाळं न्हाऊ घालायला जायची, कोपऱ्यात पाय दुमडून बसून बघायची. एकदा म्हणाली, “आई, मला बाळ झालं की तूच न्हाऊ घालायचं.”

वहिनी म्हणाली, “घालीन की. तू कुठंबी अस, मी येईन.”

एकोणीस वर्षांच्या पोरीचं ते बोलणं. पण वहिनीच्या लेखी तो शब्द झाला. आमच्याकडे बाळंतपणाला आईला कुणी बोलावणं पाठवत नाही. जावई येतो, सासू येते, त्यांना निरोप लागतो, मान लागतो. आई आपली पिशवी भरते आणि निघते.

मग वर्षं गेली. नाताळला शुभेच्छा, वाढदिवसाला केकचं चित्र, एवढंच चालू होतं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर हन्नाचा आवाज आला. तशीच मराठी, थोडी गंजलेली. “आई, माझ्या पोटात बाळ हाय. तुझी लई आठवन येती. तू इथं पायजे हुती.”

वहिनीनं तो निरोप दादाला ऐकवला, मला ऐकवला, भाजीवालीला ऐकवला. मग उलट बोलली, “येते की गं. काळजी करू नगं.” तिकडून लाल बदामाचं चित्र आलं. बदाम म्हणजे ‘हो’, असं वहिनीनं धरलं, आणि मला विचाराल तर त्यात तिचं काही चुकलं नाही. आपण कुणाला नको असताना बदाम पाठवत नाही. एडविननं व्हिसाचं मनावर घेतलं, हन्नानं लागतं ते पत्र पाठवलं. हन्नाला वाटलं, आईला जर्मनी बघायचीय. आईला वाटलं, लेकीचं बाळंतपण करायचंय. दोघीही खूश.

त्याच महिन्यात एंजलनंही गोड बातमी दिली. एंजल काष्टीला दिलेली. तिचे दिवस जानेवारीत भरत होते, हन्नाचे ऑक्टोबर अखेर. वहिनीनं बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “बसतंय. तिकडचं उरकून डिसेंबरात घरी. एंजलचं निवांत करीन.”

मी म्हणाले, “वहिनी, पोरगी सातव्यात माहेरी येणार. पहिलटकरीण. घरात आई नको?”

“ताई, तुमी हाय की. आन बाळंतपन हुईस्तोवर मी येतेच. एंजल माझीच हाय, ती कुठं जाती?”

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. आता आठवलं की जीव जळतो. आपलं माणूस कुठं जात नाही, असं धरून चालायचं आणि लोकांच्या दारात जीव टांगायचा, ही आमच्या घरादाराची खोडच आहे.

खरा वाद झाला तो दुपट्यावरून. बाळाला पहिलं गुंडाळतात ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या कापडात. म्हाताऱ्याचं आयुष्य बाळाला लागतं, असं आमची आई म्हणायची. आई गेली तेव्हा तिचं एक लुगडं वहिनीनं ट्रंकेत ठेवलं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. ते एंजलच्या पोरासाठी, हे न बोलता ठरलेलं. वहिनीनं ते काढलं, चौपदरी केलं आणि हन्नाच्या बाळासाठी शिवायला घेतलं. बारीक टाके, कडेला लाल दोरा. मी म्हणाले, हे माझ्या आईचं लुगडं आहे, एंजलच्या पोराचा हक्क आहे. वहिनी सुई न थांबवता म्हणाली, “तिकडं लई गारठा हाय ताई. एंजलच्या पोराला दुसरं शिवीन.” मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला वाटलं असेल, ताई उपास-प्रार्थनेत आहेत.

डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, वावडिंग, घाण्याचं तेल, झबली, टोपडी आणि ते दुपटं, एवढं घेऊन वहिनी निघाली. रविवारी मंडळीत तिच्या प्रवासासाठी प्रार्थना झाली. चौकातल्या फ्लेक्ससमोर तिनं गाडी थांबवायला सांगितली नाही, पण हळू घ्यायला सांगितली.

तिकडे स्टेशनात उतरली तर समोर एक सत्तरीची बाई, हातात कागद, कागदावर देवनागरीत ‘आई’. अक्षर हन्नाचं. हन्ना नव्हती. बाईचं नाव इंग्रिड. एकटीच राहायची, घर मोठं, परदेशातून आलेल्या पोरापोरींना ठेवून घ्यायची. हन्नानं वहिनीची सोय तिच्याकडे लावली होती. हन्ना पाच दिवसांची बाळंतीण होती. वहिनीला वाटलं, आज रात्र इथं, उद्या पोरीकडे. इंग्रिडबाईनं तिला खोली दाखवली, पांढरंशुभ्र अंथरूण दाखवलं, आणि घराची किल्ली हातात दिली. एका रात्रीच्या पाहुणीला कुणी किल्ली देत नाही.

फोनवर हन्ना रडली, हसली. म्हणाली, आई तू आलीस, मला किती बरं वाटलं. तू आराम कर, थकली असशील. शनिवारी तीन वाजता ये, कॉफी घेऊ. पहिले आठवडे आम्ही तिघंच राहायचं ठरवलंय. इंग्रिड तुला सगळं दाखवेल. चर्चचा मनोरा, नदीतली होडी, नाताळचा बाजार.

वहिनी मला म्हणाली, “ताई, मी तेलाची बाटली बाहेर काढून ठिवली हुती. परत पिशवीत घातली.”

आमच्या वहिनीला त्यांनी पाहुणी केलं. तिथं पाहुणीला फार मान असतो म्हणे. होडीत बसवतात, मनोऱ्यावर चढवतात. वहिनी चढली. वरून सगळं गाव दिसतं, त्यात हन्नाची खिडकी कुठली, ते शोधत राहिली.

शनिवारी गेली. हन्नानं दारातच मिठी मारली. बाळ कापडाच्या झोळीत तिच्या नवऱ्याच्या छातीला बांधलेलं. गोरंपान पोर, केस नावाला. वहिनीनं हात पुढे केले, तर नवऱ्यानं हसून तिला सॅनिटायझर दिलं. मग दिलं बाळ, पाच मिनिटं, बसून. वहिनीनं अंगाला हात लावला आणि तिला कळलं, या पोराला तेल नाही, शेक नाही, टाळू कोरडी आहे. तिनं विचारलं, न्हाऊ कधी घालता? हन्ना म्हणाली, “आठवड्यातून एकदा आई. सुईण बाई म्हनती, रोज न्हाई घालायची. तेल नको, धूर तर मुळीच नको.”

“मग मी एकदा घालू? एकदाच?”

हन्ना नवऱ्याकडे बघून काहीतरी बोलली. नवरा काहीतरी बोलला. “आत्ता नको आई. थोडं मोठं होऊ दे. रागावू नको हं.”

चार वाजता वहिनी बाहेर पडली. लाडवांचा डबा हन्नानं घेतला नाही. तिला दूध पाजताना सुक्या मेव्याची भीती वाटत होती. दुपटं मात्र घेतलं, गालाला लावलं, “आजीचं लुगडं?” असं विचारून रडली. तिला आमची आई आठवत होती. मी म्हटलं ना, वाईट नाही ती पोरगी. वाईट असती तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पुढचे आठवडे वहिनी त्या परक्या घरात राहिली. भाषा नाही, काम नाही. भांडी घासायला गेली तर भांडी मशिनात. झाडू शोधला तर झाडणारं यंत्र आपलं आपण घरभर फिरतंय. इंग्रिडबाई सकाळी पाव-लोणी पुढे ठेवायची, संध्याकाळी पुन्हा पाव-लोणी. एक दिवस ती जिन्यावरून येताना गुडघा धरून मटकन बसली. वहिनी उठली, तेलाची बाटली आणली, बाईचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चोळायला लागली. बाई आधी लाकडासारखी ताठ झाली. मग ढिली पडली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात लावणारं माणूस त्या घरात बरीच वर्षं आलं नसावं. त्यानंतर रोज दुपारी ते चालू झालं. डिंकाचे लाडूही इंग्रिडबाईनंच कॉफीबरोबर संपवले. बाळंतिणीचं तेल आणि बाळंतिणीचं खाणं, दोन्ही सत्तर वर्षांच्या म्हातारीला लागलं. मी हे ऐकून हसले. वहिनी हसली नाही.

“ती बाई चांगली हुती ताई,” वहिनी म्हणाली. “पर मी तिच्यासाठी गेल्ते का?”

इकडे एंजल माहेरी आली. सोबत तिची सासू, जयाताई. काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला बसलेल्या माणसासारखं तिनं घर नजरेनं जोखलं आणि दादाला म्हणाली, “आईच न्हाई तर माहेर कसलं म्हनायचं हो?” मी चहा टाकायला उठले, दुसरं काय करणार? एंजल रोज आईला फोन लावायची. आई सांगायची, इथं मनोरा लई उंच हाय. एंजल ऐकून घ्यायची आणि फोन ठेवल्यावर पालथी पडून राहायची. आपल्याच जुन्या कॉटवर.

डिसेंबर लागला आणि एंजलच्या अंगावरून पाणी गेलं. आठवा नुकताच सरला होता. श्रीरामपूरला नेलं, मुलगा झाला. एवढासा, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल असा. लगेच काचेच्या पेटीत ठेवला. दादानं दवाखान्याच्या जिन्यातून वहिनीला फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

“पोरगं झालं. काचंत ठिवलंय. एडविननं बघितलं, तिकिट बदलून मिळतंय, गुरुवारी निघता येतंय. तू ये.”

पलीकडून वहिनीचा आवाज, “डॉक्टर काय म्हनत्यात? धोका न्हाई ना?”

“धोका न्हाई म्हनत्यात. पर पोरगी आई आई करती.”

“आवं, रविवारी हन्नानं बोलिवलंय. बाळाची आंघुळ हाय. तीच म्हनली, आई रविवारी ये, आपन मिळून घालू. एवढा रविवार झाला की सोमवारी निघते. काचंतल्या बाळाला आसंबी मला कोन हात लावू देतंय?”

दादानं फोन माझ्या हातात दिला आणि जिन्यात बसला. मी वहिनीला म्हणाले, “वहिनी, बाळाला नको, एंजलला तू हवीस.” ती म्हणाली, “ताई, शबूद दिलाय.” आणि रडायला लागली. मी फोन बंद केला. तिला त्या क्षणी मी मनातल्या मनात जे बोलले ते शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं. पण मला तिचं कळतही होतं, आणि ते जास्त जाचत होतं. इतके आठवडे परक्याच्या घरात पाव खाऊन काढल्यावर पहिल्यांदा कुणी तिला तिचं काम देऊ करत होतं. हात रिकामे घेऊन चौकातल्या त्या फ्लेक्सखालून घरी यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

रविवार आला. वहिनीनं तिकडच्या गारठ्यात पहाटे डोक्यावरून पाणी घेतलं, नवी साडी नेसली, नखं अगदी मुळापासून कापली. तेल कोमट करून छोट्या बाटलीत घेतलं. हन्नाकडे प्लास्टिकचा टब तयार होता, पाण्यात माप घालून गरमपणा बघितला जात होता. वहिनी खाली बसली, पदर खोचला, पाय लांब केले. हन्नाचा नवरा बाळाला घेऊन आला, तिच्या पायांवरून पलीकडे गेला आणि बाळ टबात धरलं. तो घालणार होता. तिकडे बापच घालतो, त्यात काही वावगं नाही, हन्नानं नंतर समजावलं. ‘मिळून घालू’ म्हणजे सगळ्यांनी मिळून आनंद घेऊ. तिनं वहिनीच्या हातात आपला मोबाईल दिला. “आई, फोटो काढ ना. तुझ्या हातचा.”

वहिनीनं पाय आवरले, उठली आणि फोटो काढला.

तेव्हाच तिला दिसलं, टबाच्या वर भिंतीला काचेची चौकट, आणि चौकटीत दुपटं. आईच्या लुगड्याचं. लाल दोऱ्याची कड नीट दिसावी असं ताणून लावलेलं. हन्नाला वाटलं, एवढी मोलाची वस्तू, तिच्यावर बाळ मुतेल कसं? आणि वहिनीनं ते मुतण्यासाठीच शिवलं होतं.

हन्नानं तो फोटो त्याच दुपारी एंजलला पाठवला, प्रेमानंच. ‘बघ, आजीचं लुगडं आमच्या भिंतीवर. फोटो आईनं काढलाय.’ एंजल तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसली होती, काचेपलीकडे तिचं पोर सरकारी टॉवेलात. तिनं तो फोटो मला दाखवला. मोठा करून दाखवला, आधी टब, मग भिंत. मोबाईल बाकावर पालथा ठेवला आणि म्हणाली, “आत्या, मला घरी गेल्यावर बाळाला न्हाऊ घालायचं शिकव.”

मला कुठे येत होतं? मी पोरांना पाढे शिकवलेली बाई. पण आठवून आठवून घातलं. वहिनीला बघितलेलं डोळ्यात होतं, हातात नव्हतं. बाळ घरी आलं, डॉक्टरांनी अंघोळीला हो म्हटलं, मी पहिली अंघोळ घातली, आणि दुसऱ्याच दिवशी वहिनी येऊन पोचली. उशीर तिचा फक्त काही दिवसांचाच झाला. तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ती दारातून आली ती सरळ मोरीत. हात पाय धुतले, कोरड्या पदराला पुसले, आणि कॉटपाशी येऊन हात पुढे केले. एंजलनं बाळ दिलं. वहिनीनं त्याचा वास घेतला, मुका घेतला, आणि म्हणाली, “पानी ठिवा ताई. मी घालते.”

“राहू दे आई,” एंजल म्हणाली. आवाज चढला नाही. “तू लांबून आलीस. आत्या घालती. त्याला तिच्या हाताची सवय झाली.”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी एंजलकडे बघितलं. मी एकदाच बाळाला न्हाऊ घातलं होतं, सवय कसली होणार? पण एंजलनं बाळ आईच्या हातातून काढून माझ्या हातात ठेवलं, आणि त्या पोरीच्या डोळ्यांत मी जे पाहिलं त्यापुढे मला नाही म्हणता आलं नाही.

मग तो सव्वा महिना. मी मोरीत पाटावर पाय लांब करून बसायची, आणि वहिनी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून. निम्म्या बेलापूरला जिनं न्हाऊ घातलं, ती बाई नातवाच्या अंघोळीचा नुसता आवाज ऐकायची. पहिले काही दिवस तिथूनच सांगायची, “ताई, मानंखाली हात घ्या. पानी एकदम वतू नगा, श्वास कोंडतो.” एंजल आतून म्हणायची, “जमतंय तिला.” पुढे वहिनीनं सांगणं बंद केलं. एकदा बाळाच्या कानात पाणी गेलं आणि ते कळवळून रडलं. बाहेर वहिनी उठून उभी राहिल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. दारापर्यंत आली आणि परत जाऊन बसली. मी एंजलला म्हणाले, “पुरे आता, किती छळशील आईला?” ती म्हणाली, “मी काय केलं? तिला शब्द पाळायचा हुता, पाळला.” पोरीचं चुकत होतं की बरोबर होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. आईवरचा राग दुधासारखा असतो; उतू गेला तरी खाली आच चालूच असते.

गावातल्या बायका मात्र रोज यायच्या जर्मनी ऐकायला. वहिनी सांगायची. मनोरा, होडी, आपण होऊन फिरणारा झाडू. कुणी विचारलं, आंघोळ घातली का गं तिच्या बाळाला? तर म्हणायची, “घातली की.” आतल्या खोलीत एंजल असायची. ती कधी बाहेर येऊन खोटं पाडायला गेली नाही, एवढं मात्र खरं.

त्याच दिवसांत वहिनीनं आपली एक साडी फाडली. फ्लेक्सवरच्या फोटोत नेसलेली. सुती होती, पण नवी, मऊ पडेना. रोज खळ न घालता साध्या पाण्यात भिजवायची, आपटायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. वर्षांचं काम महिन्यात करायला गेलं की हात सोलवटतात, तसे तिचे सोलवटले. मग चौपदरी करून टाके घातले, कडेला लाल दोरा. बाळाच्या उशाशी नेऊन ठेवलं. एंजल म्हणाली, “असू दे तिथं.” ते तिथंच असायचं, घडी न मोडता. बाळ दुकानातल्या ब्लँकेटमध्ये.

सव्वा महिना झाला, बाळाला मंडळीत नेऊन आणलं, आणि जयाताई जीप घेऊन न्यायला आली. ओट्यावर बसून पाणी पिता पिता तिनं वहिनीला विचारलं, “काय विहीनबाई, कसं झालं जर्मनीचं बाळंतपन? बाळबाळंतीन सुखरूप ना?” वहिनी म्हणाली, “व्हय, सुखरूप हायेत.” आणि जेवायला वाढायला उठली.

सामान मी भरत होते. झबली, टोपडी, खुळखुळे, तेलाची बाटली. दुपटं उचलून पिशवीत घातलं. एंजल बाळाला पाजत होती. तिनं एका हातानं ते पिशवीतून काढलं, दोरीवर टाकलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती.

जीप गेली. वहिनी कोपऱ्यापर्यंत चालत गेली, हात हलवून आली. घरात आली आणि तिला दोरीवर दुपटं दिसलं. ते तिनं काढलं, झटकलं, कडेच्या लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

“इसरली वाटतं घाईत,” ती म्हणाली. “ताई, तुमीच भरलं ना सामान? इसरलीच असंल ना?”

“हो वहिनी,” मी म्हणाले. “मीच विसरले.”